काकडीचा कडूपणा

"...आणि समजा, तिनं जन्मभर दूधभातच खाल्ला तर?"

लेकीबद्दलच्या या प्रश्नानं केतकीला रात्रभर झोपू दिलं नव्हतं. "स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत खाईल सगळं," असं म्हणून नवरा कुशीवर वळला होता. तिला मात्र पंगतीत दूधभात मागणारी नवरी दिसत राहिली.

निरंजनबुवा मठामागच्या मेथीच्या वाफ्यात गवत उपटत बसले होते. केतकी वाफ्याच्या कडेला बसून तोच प्रश्न त्यांना विचारत होती.

"बुवा, मी काय करायचं ठेवलंय? पालक पोळीत लपवला. गाजर शिऱ्यात घातलं. शेवटी परसात वेल लावले. स्वतः पिकवलं की मुलं आवडीनं खातात, असं सगळीकडे लिहिलेलं असतं."

"मग? खाते?"

"पाणी घालते. वेलाशी गप्पा मारते. खात नाही."

"...हं."

चार वर्षांची इरू शेजारीच बसून आपल्या चपलेत माती भरत होती.

केतकीनं पिशवीतून काकडी काढली. घरच्या वेलाची, पहिलीच.

"तुमच्यासाठी आणलीय. यातली एक फोड तुमच्या हातानं तिला दिलीत तर... तुमचं ऐकेल ती. माझं ऐकणं तिनं कधीच सोडलंय."

बुवांनी उठून विळी आणून दिली, खाली केळीचं पान टाकलं आणि पुन्हा वाफ्यात जाऊन बसले.

"चीर."

केतकीनं देठाकडचं टोक कापलं आणि तेच काकडीच्या तोंडावर गोल गोल घासलं. पांढरा फेस आला. तिनं आणखी एक चकती कापली. घासली. पुन्हा फेस. मग दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. कापलेल्या चकत्या पानावर साठत गेल्या.

"काय चाललंय?"

"कडूपणा काढतेय. पहिलाच घास कडू लागला, तर परत तोंड लावायची नाही ती."

"कडू आहे?"

"...असू शकते."

"चाखलीस?"

"आधी निघू दे ना सगळा."

आपण जरा अतीच करतोय, हे तिच्या लक्षात आलं. हात मात्र थांबेनात. वीतभर काकडी आता अंगठ्याएवढी उरली होती.

"अजून थोडी घास," बुवा म्हणाले. "म्हणजे खायची भानगडच उरणार नाही."

केतकी ओशाळून हसली. तिनं मान वर केली.

इरू पानापाशी येऊन बसली होती. देठाचं टोक, फेसासकट, तिच्या तोंडात होतं.

"इरू, थुंक ते. टाकायचं असतं ते."

इरू चावत राहिली. तोंड वाकडं झालं, एक डोळा मिटला, पण थुंकली नाही.

"बुवा, तुम्ही तरी सांगा ना तिला."

बुवांनी गवताची जुडी बाजूला टाकली.

"कसं लागतंय, ते विचार की तिला."

खाल्लंस का, संपवलंस का, किती उरलंय... हे केतकी रोज विचारत होती. हे कधी विचारलं नव्हतं.

"...कसं लागतंय गं?"

इरूनं घास गिळला. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"कडू," ती म्हणाली, आणि हात पुढे केला. "अजून दे."