ठकूआजीची शेळी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात येशू ख्रिस्ताला मानणारं घर एकच, मार्थाबाईचं. गावकऱ्यांनी कधी बायबल वाचलं नव्हतं की चर्च पाहिलं नव्हतं. ख्रिस्ती माणूस कसा असतो, हे ते मार्थाबाईकडे बघूनच ठरवत.

शेजारी ठकूआजी एकटीच राहायची. एका शेळीच्या दुधावर तिचं पोट चालायचं. ती शेळी रोज कुंपणातून मार्थाबाईच्या परसात शिरायची आणि भाजीत तोंड घालायची. मार्थाबाई तिला हुसकायची, कुंपण नीट करायची आणि हसून म्हणायची, "आजी, बांधून ठेवा हो हिला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एकदा सकाळपासूनच सगळं बिनसलं. चूल पेटेना. दूध उतू गेलं. पाण्याची घागर दारातच फुटली. त्यात परसात येऊन बघते तर नुकती उगवलेली मेथी शेळीनं फस्त केलेली! मार्थाबाईचं डोकं फिरलं. हाताला लागला तो दगड तिनं भिरकावला. तो शेळीच्या कानशिलावर बसला. शेळी कोसळली, तिनं पाय झाडले आणि ती निपचित पडली.

नवरा धावत आला. "कुणी पाहिलं नाही," तो हळूच म्हणाला. "साप चावला म्हणून सांगू."

"आणि संध्याकाळी प्रार्थनेला कुठल्या तोंडानं बसू?" असं म्हणून मार्थाबाई आजीच्या दारात गेली.

"आजी, रागाच्या भरात मी दगड मारला. तुमची शेळी गेली. मला क्षमा करा."

आजी भिंत धरत धरत परसात आली. शेळीच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "पोरी, माझ्या गुडघ्यांत बळ नाही. तिला चारायला नेता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या परसात गेली तर मारतील. तुम्ही येशूची माणसं, तुम्ही मारणार नाही, म्हणून मीच तिला रोज इकडे सोडत होते."



मार्थाबाईनं दुसरी शेळी देऊ केली. आजीनं घेतली नाही. गावभर बोभाटा झाला. संध्याकाळी मार्थाबाईच्या ओट्यावर प्रार्थना ऐकायला बसणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या.

ती रोज आजीच्या उंबऱ्यावर दूध-भाकरी ठेवायची. कधी ती तशीच वाळायची, कधी कुत्री खायची. लोक टोमणे मारायचे. ती उलट बोलायची नाही.

थंडीत आजीनं अंथरूण धरलं. मार्थाबाईनं आत जाऊन तिला भरवलं. आजीनं दोन घास खाल्ले. पण माफीचा शब्द काढला नाही, आणि तशीच गेली.

त्या ओट्यावर पुन्हा कुणी बसायला आलं नाही.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: आपला देव कसा आहे, हे लोक आपल्या वागण्यावरून ठरवतात, आणि वर्षानुवर्षांचा संयम रागाच्या एका क्षणात मातीला मिळतो.