गरगऱ्याच्या पोटातला कण

एक होती मुंगी. नाव तिचं ठुमकी. चालायची कशी? तुरुतुरु, तुरुतुरु.

ठुमकीला सापडला लाडवाचा कण. केवढा? एवढूस्सा! घरी धाकटी बहीण भुकेली होती. ठुमकी कण घेऊन निघाली.

तेवढ्यात आला गरगऱ्या. गरगऱ्या म्हणजे गोल गोल झाडू. धरायला माणूस नको, आपला आपणच फिरतो. घुर्रर्र... घुर्रर्र... सुर्रप! गिळला की कण!

"अरे गरगऱ्या, माझा कण दे!"

"कोपऱ्यातल्या माझ्या घरी गेलो की पोट उघडेन. पण अंधारात घर दिसेना. दिवा लागला तर जाईन."

ठुमकी गेली दिव्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दिवेदादा, दिवेदादा, लाग ना!
गरगऱ्या घरी जाईना,
माझा कण मिळेना,
धाकटी भुकेली रडते!"

"पडदा उघडाच आहे, म्हणजे अजून दिवस. पडदा मिटला तर लागेन."

ठुमकी गेली पडद्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पडदेकाका, पडदेकाका, मिटा ना!
दिवा लागेना,
गरगऱ्या घरी जाईना,
माझा कण मिळेना,
धाकटी भुकेली रडते!"

"पंखा फिरतोय भर्रर्र! मी उडतोय फडफड! पंखा थांबला तर मिटेन."

ठुमकी गेली पंख्याकडे. भिंतीवरून वर, वर, वर!

"पंखेमामा, पंखेमामा, थांब ना!
पडदा मिटेना,
दिवा लागेना,
गरगऱ्या घरी जाईना,
माझा कण मिळेना,
धाकटी भुकेली रडते!"

"उकडतंय किती! एसी सुरू झाला तर थांबेन."

ठुमकी गेली एसीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"एसीराव, एसीराव, सुरू व्हा ना!
पंखा थांबेना,
पडदा मिटेना,
दिवा लागेना,
गरगऱ्या घरी जाईना,
माझा कण मिळेना,
धाकटी भुकेली रडते!"

"दार सताड उघडं! गारवा पळून जाईल. दार लागलं तर सुरू होईन."

ठुमकी गेली दाराकडे. आता पाय दुखले बाई!

"दारआजोबा, दारआजोबा, लागा ना!
एसी सुरू होईना,
पंखा थांबेना,
पडदा मिटेना,
दिवा लागेना,
गरगऱ्या घरी जाईना,
माझा कण मिळेना,
धाकटी भुकेली रडते!"

"गरगऱ्याला उंबऱ्यापर्यंत झाडायचंय. तो घरी गेला तर लागेन."

"काय? पुन्हा गरगऱ्या?" ठुमकी मटकन बसली. "अगंबाई! हा त्याची वाट बघतो, तो ह्याची वाट बघतो, आणि धाकटी माझी! मग आधी कोण?"

दाराशेजारी खुर्चीत बसले होते ह्या घरातले निनादबाबा. घामाघूम!

शेजारी उभी घरातली आई म्हणाली, "अरे निनाद, ऊठ! दार लाव!"

"छे छे! हात नाही लावायचा. सगळं आपोआप होणार. दार, दिवा, पंखा, मीच शिकवलंय सगळ्यांना!"

"मग बस उकडत!"

अस्सं होय? ठुमकी गेली बाबांच्या अंगठ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु... कच्च!

"आई गं! ओय ओय ओय!" बाबा नाचले एका पायावर. आदळले दारावर. धडाम्!

दार लागलं.
एसी सुरू झाला.
पंखा थांबला.
पडदा मिटला.
दिवा लागला.
गरगऱ्या घरी गेला.
पोट उघडलं. भस्स!

"आक्छी!" धुळीत शिंकली ठुमकी. पण कण सापडला!

बाबा अंगठा चोळत म्हणाले, "बघितलंस? झालं की नाही आपोआप?" आई पोट धरधरून हसली.

ठुमकी पळाली घरी. धाकटी रडून रडून दमली होती.

"ताई, ह्याला धूळ लागलीये."

"फुंकर मार नि खा!"

फूऽऽ! गट्टम!

धाकटीचं पोट टुम्म,
आपली गोष्ट गुडुप!