रेघेच्या अलीकडे

"सांगा ना सर, अजून एक वर्ष खेळू का?"

प्रश्न तांबोळी सरांना होता. ते वाकून मैदानावर फक्कीची पांढरी रेघ ओढत होते.

विचारणारी काही शाळकरी पोर नव्हती. पद्मजा रेडेकर होती. चौदा वर्षं देशासाठी भाला फेकत आलेली, दोन आशियाई पदकं घरात, आणि उजव्या कोपरावर दोन शस्त्रक्रिया. आजऱ्याच्या शाळेच्या याच मैदानावर सरांनी तिच्या हातात पहिला भाला दिला होता, बांबूचा.

"आज दुपारपर्यंत राष्ट्रीय शिबिराला येते की नाही ते साहेबांना कळवायचंय," ती म्हणाली. "पाण्याची बादली उचलायला डावा हात लावावा लागतो, सर. पण नाही म्हटलं तर..."

"तर?"

"तर उद्या सकाळी उठून मी करू काय? कोण आहे मी?"

सरांनी फक्कीचे हात विजारीला पुसले.

"भाला फेक."

तिला हसू आलं. पस्तीस देशांत फेकून आलेल्या बाईनं आता शाळेत परीक्षा द्यायची! अभिमान तर होताच. चौदा वर्षांत कोपर झिजलं होतं, तो मात्र चांगला टणक झाला होता.

ती धावली. भाला सुटला. काय सुरेख गेला! स्वतःच्याच फेकीवर खूश होऊन ती टुणकन रेघ ओलांडून भाल्याकडे पळाली.

सरांनी लाल फडकं वर केलं.

"फाऊल."

"फाऊल? सर, पाय चांगला वीतभर अलीकडे होता!"

"फेकताना हुता."

"मग?"

"बाहेर कुठनं पडलीस?"

ती जागच्या जागी थांबली. भाला जमिनीला टेकेपर्यंत थांबायचं, आणि मग रेघेच्या मागूनच बाहेर पडायचं; तोवर फेक मोजत नाहीत. रेघेच्या पुढून पाऊल टाकलं की फेक बाद, मग ती कितीही लांब गेलेली असो. हे तिला सहावीपासून पाठ होतं. परदेशात ती एकदाही चुकली नव्हती.

"हा सराव आहे सर," ती कुरकुरली. "आपल्याच शाळेत कसला आलाय फाऊल?"

"परत."

या वेळी कोपरातून कळ आली ती थेट डोळ्यांत पाणी घेऊन. तोल सावरत ती रेघेच्या अलीकडे थांबली. भाला दूर जाऊन रुतला. ती बघत राहिली...

लाल फडकं वर झालं नाही. फेक बरोबर असल्याचं पांढरंही नाही.

"बरोबर होता ना, सर?"

सरांनी भाल्याकडे बोट दाखवलं.

"भाला कवाच टेकला, पोरी. तू अजून तितंच हाईस."

तिने आधी भाल्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे.

मग ती वळली. रेघेच्या मागूनच, जिथून धावायला सुरुवात केली होती तिथवर चालत बाहेर गेली. वाटेत कधीतरी रडू फुटलं, आणि खांदे आपोआप सैल पडले. इतकं हलकं तिला पदक गळ्यात पडतानाही वाटलं नव्हतं.

पिशवीतून फोन काढून तिने लावला.

"साहेब, मी शिबिराला येत नाही. ती साताऱ्याची मुलगी आहे ना, माझ्या जागी तिला घ्या... हो, विचार करून सांगतेय... नाही, रडत नाहीये. म्हणजे रडतेय, पण बरं वाटतंय."

फोन ठेवला आणि तिला खुदकन हसू आलं.

"सुटले, सर!" ती तिथूनच ओरडली.

सरांनी पांढरं फडकं वर केलं.

"हां. आता मोजायला हरकत न्हाई."