चोच कुठवर पोचते?

भांडीकुंडी बोलायची, त्या काळची गोष्ट. चिंचेखालच्या पाणपोईत एक भलामोठा रांजण होता. भर उन्हात पाखरं त्याच्या काठावर बसत, आत डोकावत आणि तहानलेलीच उडून जात. रांजणानं अंगावर नक्षी काढून घेतली. तरी तेच.

शेजारी पडलेल्या खापराच्या तुकड्यानं एका बुलबुलाला विचारलं, "अरे, न पिताच का जातोस?"

"पाणी खोल आहे. चोच पोचत नाही."

"मग कुठवर पोचते?"

"पायाशी असलं, तर पिईन की!"

खापर सरकत सरकत रांजणाच्या बुडाशी गेलं आणि पाझरणारं पाणी झेलू लागलं. दुपारपर्यंत तिथं पाखरांची झुंबड उडाली.

रांजण चक्रावला. "पाणी तर माझंच! मग माझ्याकडे का नाही आलात?"

बुलबुल म्हणाला, "रोज येत होतो. तू कधी विचारलंस?"