वल्ह्यांशिवाय

“आणि वल्ही?” एर्कबाबांनी विचारलं.

“वल्ही नकोत. देव नेईल तिकडे जाईन.”

बाबांनी डोळे मिटून घेतले. आयर्लंडच्या पश्चिमेला, भर समुद्रातल्या एका बेटावर दगडी खोपट्यांचा मठ होता. बाबा त्याचे मठाधिपती. ही फार जुनी गोष्ट. तेव्हाचे ख्रिस्ती साधू कधी कधी वल्ह्यांशिवाय कातड्याच्या होडीत बसत आणि लाटा नेतील तिथं उरलेलं आयुष्य देवाच्या नावानं काढत. मात्र मठाधिपतीच्या परवानगीशिवाय कुणाला निघता येत नसे.

लुग्ने ती परवानगी रोज मागत होता. सगळी स्तोत्रं त्याला पाठ होती. ते तो कुणाला विसरू देत नसे.

“इथं काय खुपतंय तुला?”

“सगळंच. पोरं प्रार्थनेत जांभया देतात. पेज रोज करपते. ओसान तर स्तोत्रातली तीच ओळ दर वेळी गाळतो आणि सांगायला गेलं की हसतो.”

“तो तू यायच्या आधीपासून गाळतोय.”

“मग तुम्ही सांगत का नाही?”

“सांगून थकलो.”

लुग्ने पुटपुटला, “या गोंगाटात देव ऐकू येत नाही.”

“कोनाल होता तेव्हा तर तुला ऐकू...”

“बाबा, ते नको.”

कोनाल त्याच्या खोपट्यातला सोबती. शरदात तापानं गेला. लुग्ने शेवटपर्यंत त्याच्या उशाशी होता. पुढे कुणी कोनालचं नाव काढलं की लुग्ने उठून जाई. हळूहळू ते नाव मठात कुणी घेईनासं झालं.

बाबांनी सुस्कारा सोडला.

“बरं. जा.”

“खरंच?”

“आत्ता जा. होडीची कातडी शिवून झालीत, चरबीही चोळलीय.”

लुग्नेनं समुद्राकडे पाहिलं.

“आत्ता नाही जमणार. वारा पश्चिमेचा आहे, आपल्या या पश्चिम किनाऱ्याच्या अंगावर येणारा. होडी इथंच येऊन आदळेल. पूर्वेचा वारा सुटला की निघतो.”

“देव नेईल तिकडे, म्हणालास.”

“हो, पण...”

“कुठल्या वाऱ्यात देव नसतो, हे मला आजवर ठाऊक नव्हतं.”

“थट्टा करताय तुम्ही.”

“थट्टा कुठली. वैतागलोय. उद्या तू परत येशील, परवा येशील, हेच बोलशील. निघ बाबा एकदाचा.”

लुग्नेचे कान लाल झाले. तो तडक किनाऱ्यावर गेला. जांभया देणाऱ्या पोरांनीच गुडघाभर पाण्यात उतरून होडी ढकलली. ओसाननं भाकरी पुढे केली. लुग्नेनं ती घेतली नाही.

होडी थोडी आत गेली, गरकन फिरली, पुन्हा आत गेली. लुग्ने ताठ मानेनं बसून होता. दिवस कलता कलता एका लाटेनं ती उचलली आणि जिथून निघाली होती तिथंच गोट्यांवर आणून उलटी केली.

तो ठिबकत उभा राहिला. कुणी हसलं नाही. ओसान धावला, पण बाबांनी त्याला हातानं अडवलं.

“थांब. पाहुणा आलाय.”

समुद्रातून येणाऱ्या पाहुण्याचे पाय मठाधिपतीनं स्वतः धुवायचे, असा मठाचा नियम होता. बाबांनी ऊन पाण्याची बादली मागवली. लुग्नेला खडकावर बसवलं. आपण कसेबसे, कण्हत, गुडघ्यांवर टेकले.

“हे काय चालवलंय?” लुग्ने चिडून म्हणाला. “बाबा, मी लुग्ने.”

“असशील. देवानं इकडे आणलं तुला. दुसरा पाय दे.”

“मला उठू द्या.”

“दुसरा पाय.”

लुग्नेनं पाय पुढे केला.

बाबा बोटांमधली वाळू काढत राहिले. वर न बघता म्हणाले,

“आमच्यातला एक जण शरदात गेला. कोनाल नावाचा. त्याच्याबद्दल इथं कुणी अवाक्षर काढत नाही... तू नवखा आहेस. तू विचार, कसा होता म्हणून.”