शांतवनाची घोंगडी

प्रवरेच्या काठी चिंचविहीर नावाच्या लहानशा खेड्यात करुणादास महाराजांचा मुक्काम असे. अंगात भगवी कफनी, गळ्यात लाकडी क्रूस आणि हातात वीणा. रविवारी सांजेला प्रभू येशूचे कीर्तन ऐकायला माणसे त्यांच्या प्रार्थनामंदिरात दाटीवाटीने बसत. महाराजांच्या उजव्या हाताला एक घोंगडी अंथरलेली असे. ती शांतवन ढोलकीवाल्याची.

हा शांतवन एके काळी गेनबा फडकऱ्याच्या तमाशात वाजवत असे. प्रभूचा झाल्यावर त्याने फड सोडला. फड सुटला, पण ओढ कुठे लगेच सुटते? नदीपलीकडच्या गावची जत्रा आली की वाऱ्यावरून घुंगरांचा आवाज येई आणि याची बोटे मांडीवर आपोआप चालू लागत. मग तो मान खाली घालून म्हणे, "प्रभू, मला धर." आपल्यातले किती जण तेवढेही म्हणतात!

उपवासकाळातल्या एका रविवारी, ऐन जत्रेच्या दिवशी, गेनबा स्वतः त्याच्या दारात आला. फडातल्या ढोलकीवाल्याचा हात मोडला होता.

"आरं, मूठभर म्हाताऱ्यांपुढं हात कशाला झिजवतोस?" गेनबा हसत म्हणाला. "तुझा देव टाळ्या तरी वाजवतो का? तिकडं तुझ्या हातावर फेटे उडायचे. एवढी एक सांज चल."

शांतवन महाराजांकडे धावला. "महाराज, मला बांधून ठेवा. माझं मन तिकडं गेलंय."

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "बांधलेला माणूस देवाच्या काय कामाचा, बाळा? तू जा किंवा राहा. तुझी घोंगडी इथून कोणी उचलणार नाही."

महाराज रागावले असते तर बरे झाले असते, असे त्याला वाटले. तो ढोलकी खांद्याला अडकवून गेनबामागे निघाला. गावात दुसरी ढोलकी नव्हती.

नदीला गुडघाभर पाणी होते. दोघे मध्यावर आले तेव्हा पलीकडे जत्रेचे दिवे लागत होते आणि अलीकडे महाराजांनी अभंग सुरू केला होता. साथीला नुसती वीणा. ठेक्याशिवाय तो आवाज शांतवनाला फार पोरका वाटला. इतकी वर्षे जत्रेच्या ओढीने छळले होते. आज जत्रा समोर होती आणि जीव त्या घोंगडीसाठी तुटत होता. पाऊल पुढे उचलेना.

"चल की," गेनबा म्हणाला, आणि तोही थबकला.

वीणेच्या जोडीला ढोलकी वाजू लागली होती.

गेनबाचे सारे आयुष्य फडावर गेले होते. त्याने कान दिला आणि त्याचा चेहरा उतरला. "ह्यो डावा हात तुझा हाय," तो हळूच म्हणाला. "असा घुमारा दुसरा कोन काढीत न्हाई." आणि शांतवनाची ढोलकी तर त्याच्याच खांद्यावर मुकी लटकत होती!

शांतवन वळला आणि पाणी उडवत धावत सुटला. गेनबा त्याच्या मागोमाग. प्रार्थनामंदिराच्या दारापर्यंत ढोलकी ऐकू येत होती. आत लोक डोळे मिटून गात होते आणि घोंगडी रिकामी होती. शांतवनाने उंबरा ओलांडला तसा ठेका थांबला.

महाराज म्हणाले, "ये बाळा. ज्याने तुझी जागा राखली, त्याच्यासाठी आता तू वाजव."

रडतच तो बसला. ढोलकी मांडीवर घेताच त्याचा हात दचकून मागे आला. गेनबाने पुढे होऊन चाचपले. नदीच्या गारव्यातून आणलेल्या त्या ढोलकीचे चामडे, तासभर वाजवल्यासारखे तापले होते.

गेनबाने जरीचा फेटा काढून घोंगडीच्या कडेला ठेवला आणि गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावले.

"महाराज, देव टाळ्या वाजवतो का, असं मी इचारलं हुतं," तो म्हणाला. "त्यो तर ह्याच्या जागी वाजवाया बसला."

महाराजांनी जरा सरकून त्याला जागा दिली आणि पुढचे कडवे घेतले.