कासवाची डावी बाजू

माळेवाडीच्या शाळेत मुलं अकरा आणि चाकांचं पिवळं कासव एक. त्याच्या पाठीवरची बटणं ज्या क्रमानं दाबावीत, त्या क्रमानं ते फरशीवरच्या चौकोनांतून चालायचं, वळायचं. वैजयंतीबाई त्यावर पहिलीच्या मुलांना नीट विचार करून सूचना द्यायला शिकवायच्या.

एके दिवशी निगडेसाहेब तपासणीला आले. कासव तालुक्याच्या मोठ्या शाळेत न्यायचा आदेश त्यांनी स्वतःच काढून आणला होता. "इथल्या पोरांना हे काय कळणार?" ते म्हणाले. मुलांचे चेहरे उतरले.

"साहेब, नेण्याआधी एकदा चालवून तरी बघा," बाई म्हणाल्या. "खडूनं काढलेल्या त्या विहिरीपर्यंत न्यायचं."

विहीर साहेबांच्या डाव्या हाताला होती आणि कासवाचं तोंड साहेबांकडे. खुर्चीतूनच वाकून त्यांनी बटणं दाबली: पुढे, डावीकडे, पुढे. कासव उलट्या बाजूला वळलं आणि भिंतीवर आपटलं.

"बिघडलंय हे!" साहेब खेकसले.

सहा वर्षांच्या रखमीनं कासवाला उचलून छातीशी धरलं. "नाही हो साहेब, त्यानं तुमचंच ऐकलं. पण तुम्ही तुमच्या खुर्चीतनं डावीकडे म्हणालात. आम्ही आधी त्याच्या जागी उभं राहतो, मग सांगतो."

साहेबांनी एकदा कासवाकडे, एकदा आपल्या खुर्चीकडे बघितलं. मग त्यांनी खिशातला आदेश काढून फाडला.

"बाई, हाही मी खुर्चीतूनच लिहिला होता," ते म्हणाले आणि रखमीशेजारी फरशीवर मांडी घालून बसले.